चौदाशे चौऱ्याहत्तर कशाचे?

गणिताच्या वहीत उत्तर म्हणून नुसता आकडा लिहिला की गुरुजी विचारायचे, "पाच काय? आंबे, रुपये की कोस?" आकडा बरोबर असला तरी अर्धे गुण जायचे. त्या वयात ही शिस्त जाचक वाटे. पण विज्ञानाच्या इतिहासात एक आकडा असा होऊन गेला की त्याला हाच प्रश्न नीट विचारून त्याचे नेमके उत्तर मिळवायला भल्याभल्यांना एकोणतीस वर्षे लागली. आणि ते उत्तर मिळाले ते आपल्या देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यात, २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावस्येच्या खग्रास सूर्यग्रहणात. आकडा होता १४७४.

विजयदुर्ग आणि ग्रहण ही दोन नावे एकत्र आली की कोकणात पुढचे वाक्य ठरलेले असते: नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी या किल्ल्यावरून सूर्य पाहिला आणि हेलियम शोधून काढला. किल्ल्यात त्याने दुर्बिणीसाठी बांधलेले ओटे आजही दाखवतात. कुणी त्यांना साहेबाचे ओटे म्हणते, कुणी साहेबाचे कट्टे. अलीकडे १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. गोष्ट प्रेमाने सांगितली जाते, म्हणून ती खोडताना वाईट वाटते. पण तिच्यात दोन वेगळी ग्रहणे आणि मधली तीस वर्षे एकमेकांत मिसळली आहेत. खरी हकीकत या गोष्टीपेक्षा लहान नाही. माझ्या मते ती मोठी आहे.

ती नीट कळण्यासाठी आधी बंदरात जाऊ.

वाघोटन खाडीच्या तोंडाशी गलबते लागत आणि सारा हिशेब खंडीत चाले. गलबत अमुक खंडींचे. भात अमुक खंडी. शेत केवढे, तर अमुक खंडीचे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'खंडी'खाली वजन, माप, जमीन आणि वीस नगांचा गट असे अर्थ एकाखाली एक दिले आहेत. नाव एक, पण मोजायच्या गोष्टी चार जातींच्या. तागडीत तोललेली वीस मणांची खंडी म्हणजे वस्तुमान. पायलीने भरलेली भाताची खंडी म्हणजे आकारमान. त्यात लांबी तीनदा गुणलेली असते. शेताची खंडी म्हणजे क्षेत्रफळ. त्यात लांबी दोनदा. आणि मेंढ्यांची खंडी म्हणजे निव्वळ संख्या. बंदरातल्या माणसाचा गोंधळ होत नसे, कारण मोजायची वस्तू त्याच्या डोळ्यांपुढे असे. तोच कागद शंभर वर्षांनी दफ्तरातून बाहेर काढणाऱ्याला मात्र आधी खंडी कसली ते ठरवावे लागते, आणि मगच बेरजेला हात घालता येतो. हा दोष केवळ आपल्या मापांचा नव्हता. इंग्रजांचा टन तसाच होता: युद्धनौकेचा टन वजनाचा, व्यापारी जहाजाच्या नोंदणीचा टन शंभर घनफूट जागेचा.

शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची पाहणी केली, तिचे माप सभासदाने नोंदवले आहे. पाच हात पाच मुठींची एक काठी. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा. एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. यातला 'औरसचौरस' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. काठी हे लांबीचे एकक. ती एकदाच धरली तर कुंपणाची लांबी मिळते, लांबी-रुंदीला धरून गुणली तर जमीन मिळते. बिघ्यात चारशे चौरस काठ्या असतात, हे त्या एका शब्दाने पक्के केले आहे.

एककावरून राशीची मिती काढणे म्हणतात ते हेच. एककाचा आकार सोडून द्यायचा आणि जात तेवढी ठेवायची. मैल असो, कोस असो की काठी, जात लांबी. तासाला मैल म्हणा की सेकंदाला मीटर, जात लांबी भागिले काळ. फ्रान्सच्या जोसेफ फूरिएने १८२२ साली उष्णतेवरच्या ग्रंथात हा विचार पद्धतशीर मांडला: समीकरणातल्या प्रत्येक पदाची मिती सारखीच असली पाहिजे, नाहीतर ते समीकरण खोटे. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने वस्तुमान, लांबी आणि काळ या तीन अक्षरांच्या चौकटी कंसांत ही पद्धत बसवली आणि १८७३ च्या आपल्या ग्रंथाने ती शास्त्रज्ञांच्या हाती दिली. आपल्या अकरावीच्या पुस्तकातला पहिला धडा तिथून आला आहे.

आता १४७४.

हायडेलबर्गच्या गुस्टाव किर्खोफने १८६० च्या सुमारास सूर्यप्रकाशाचा वर्णपट चार लोलकांमधून पाहून त्यातल्या काळ्या रेषांचा मोठा नकाशा काढला. काम इतके बारीक की त्याचे डोळे थकले आणि नकाशाचा काही भाग त्याच्या विद्यार्थ्याला पुरा करावा लागला. प्रत्येक रेषेला जागा दाखवणारा आकडा हवा, म्हणून किर्खोफने नकाशावर मिलिमीटरची पट्टी आखली. तांबडी सी रेषा ६९४ वर, सोडियमच्या पिवळ्या डी रेषांची जोडी १००५ च्या आसपास, निळी एफ रेषा २०८० वर. म्हणजे आकड्याखाली एकक होते. पण ते मिलिमीटर प्रकाशाचे नव्हते, कागदाचे होते.

यातली मेख आज आपण सहज तपासू शकतो. सी, डी आणि एफ या रेषांच्या तरंगलांबी आता ठाऊक आहेत: अंदाजे ६५६३, ५८९३ आणि ४८६१ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). सी ते डी हे अंतर किर्खोफच्या पट्टीवर ३११ घरांचे आणि तरंगलांबीत ६७० अँगस्ट्रॉमचे; एका घराला दोनांहून थोडे अधिक अँगस्ट्रॉम. डी ते एफ हे अंतर १०७५ घरांचे आणि १०३२ अँगस्ट्रॉमचे. एका घराला जेमतेम एक. पट्टीवरचे घर तांबड्याकडे वेगळे आणि निळ्याकडे वेगळे. अशा घरांची बेरीज-वजाबाकी करायची म्हणजे गलबताच्या खंडीत मेंढ्यांची खंडी मिळवायची. काचेचा लोलक बदलला, कोन बदलला की आकडेही बदलणार. किर्खोफचा आकडा सूर्याइतकाच किर्खोफच्या टेबलाचा होता.

१८ ऑगस्ट १८६८. श्रावण अमावस्या, ऐन पावसाळा. पूर्ण सावलीचा पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरला आणि विजापूर, जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टणमवरून गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल आपले यंत्र लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. विजापुरात कॅप्टन हेग. गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सचा पिएर जान्सेन. मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचा पॉगसन. जमखंडीवर ढग धावत होते, तरी त्यांच्या फटींतून हर्शेलला सौरज्वालांचा वर्णपट दिसला, आणि तो काळ्या रेषांचा नव्हता, झगझगीत रेषांचा होता. ज्वाला म्हणजे तापलेला वायू, हे त्या क्षणी ठरले. रेषांमध्ये एक पिवळी होती. हर्शेल आणि टेनंट यांनी तिची जागा डी रेषेची म्हणून नोंदवली, म्हणजे सोडियम. त्यांचा दोष काढता येत नाही. खग्रास स्थितीची काही मिनिटे, वर ढग आणि हातात आपापल्या यंत्राची खासगी पट्टी. त्या पट्टीवर डी आणि तिच्या शेजारची जागा यांत बोटभरही अंतर नव्हते.

त्या दिवशी लॉकियर विजयदुर्गावर नव्हता. भारतातही नव्हता. तो लंडनच्या युद्धखात्यात कारकून होता, ज्योतिषशास्त्र हा त्याचा छंद होता आणि रॉयल सोसायटीच्या पैशाने बनवायला दिलेल्या वर्णपटदर्शकाची तो वाट पाहत होता. यंत्र हातात आले ऑक्टोबरच्या मध्यात. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने ग्रहण नसताना, लख्ख सूर्याच्या कडेवर, ज्वालांच्या रेषा पाहिल्या. जान्सेननेही गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी तेच साधले होते. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत पोचली आणि फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले. लॉकियरचा फायदा हा की त्याला घाई नव्हती. ग्रहण संपायचे नव्हते. पिवळी रेषा डी च्या जोडीवर बसत नाही, थोडी निळ्याच्या बाजूला सरकलेली आहे, हे त्याने निवांत पाहिले. तिचे नाव पडले डी-३.

आणि याच १८६८ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या अँडर्स अँगस्ट्रॉमचा सूर्याच्या वर्णपटावरचा ग्रंथ निघाला. त्याने लोलक बाजूला ठेवले आणि बारीक समांतर रेघा ओढलेली काच, म्हणजे जाली, वापरली. जालीच्या दोन रेघांमधले अंतर मोजता येते आणि त्या अंतरावरून प्रकाशाची तरंगलांबी निघते. सुमारे हजार रेषांच्या जागा त्याने मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात दिल्या. तेच आजचे अँगस्ट्रॉम. किर्खोफच्या मिलिमीटरात आणि अँगस्ट्रॉमच्या मिलिमीटरात फरक जातीचा होता. अँगस्ट्रॉमचा खरोखर प्रकाशाच्या लांबीचा होता. त्यामुळे उप्सालातला आकडा मुंबईत, लंडनमध्ये, कोणाच्याही यंत्रावर तोच राहणार होता. अँगस्ट्रॉमकडे असलेली मीटरची प्रमाणपट्टी किंचित चुकीची होती हे नंतर लक्षात आले आणि त्याचे सगळे आकडे एकदम, एकाच प्रमाणात दुरुस्त करता आले. मिती बरोबर असली की चूक दुरुस्त होण्याजोगी राहते. किर्खोफच्या आकड्यांना असा एकच गुणक लावून सुधारण्याची सोय नव्हती.

डी-३ ची लांबी ५८७६ ठरली. सोडियमच्या दोन रेषा ५८९० आणि ५८९६. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाची रेषा ५८७६ वर नव्हती. लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी या अज्ञात पदार्थाला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटले, आणि १८७१ मध्ये विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, एडिंबरोच्या अध्यक्षीय भाषणात ते नाव जाहीरपणे उच्चारले. पंचवीस वर्षे अनेकांनी ते हसण्यावारी नेले. मग मार्च १८९५ मध्ये लंडनच्या विल्यम रॅमझीने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेला वायू नळीत भरला, विजेने पेटवला आणि पिवळी रेषा दिसली. रेषा तीच हे ठरवले लांबीने. जर्मनीत रुंगे आणि पाशेन यांनी प्रयोगशाळेतली ही रेषा जोडरेषा असल्याचे पाहिले तेव्हा क्षणभर शंका आली, कारण सूर्यातली एकेरी समजली जात होती. सूर्याकडे पुन्हा बारकाईने पाहिले तर तीही जोडरेषाच निघाली.

हेलियमचे उत्तर लागले. पण एक रेषा उरली होती.

७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेत खग्रास ग्रहण झाले. चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना सूर्याच्या प्रभाकिरीटात, म्हणजे ग्रहणात काळ्या बिंबाभोवती दिसणाऱ्या मोतिया तेजात, एक हिरवी रेषा दिसली. यंगने ती किर्खोफच्या पट्टीवर १४७४ च्या ठिकाणी बसवली. तिथे लोखंडाची एक काळी रेषा होती, तरंगलांबी सुमारे ५३१७. म्हणजे किरीटात लोखंडाची वाफ? इतक्या विरळ, इतक्या उंच प्रदेशात, हायड्रोजनच्याही वर? पटण्यासारखे नव्हते. मग कुणी म्हणाले हा नवाच पदार्थ आहे. त्याला कोरोनियम नाव पडले. रेषेला मात्र जो तो '१४७४ ची रेषा' म्हणत राहिला. अँगस्ट्रॉमची पद्धत सर्वमान्य झाल्यावरही या एका रेषेच्या गळ्यात किर्खोफचा जुना बिल्ला लटकत राहिला, आणि बिल्ल्याबरोबर तिची जागाही गृहीत धरली गेली. लांबी कुणी स्वतंत्रपणे मोजलीच नाही असे नव्हे; पण वर्णावरणाची, म्हणजे सूर्याच्या अगदी कडेच्या तांबूस थराची, ५३१७ ची रेषा शेजारीच चमकत असे, आणि डोळा जे माहीत आहे तेच पाहतो.

लॉकियर भारतात पहिल्यांदा आला १८७१ च्या ग्रहणाला, केरळात बेकल किल्ल्यावर. तोही पश्चिम किनाऱ्यावरचा, समुद्रात घुसलेला किल्ला. आपल्या लोककथेत १८६८ आणि विजयदुर्ग यांची सांगड कशी पडली याचे उत्तर कदाचित या साम्यातही असेल. विजयदुर्गाला तो आला सव्वीस वर्षांनी. आता तो सर नॉर्मन होता, वय एकसष्ट, 'नेचर' साप्ताहिकाचा संस्थापक-संपादक. दीड वर्षापूर्वी, ऑगस्ट १८९६ मध्ये, नॉर्वेच्या उत्तर टोकाला त्याने मोठा तळ ठोकला होता, युद्धनौकेच्या खलाशांना आठवडाभर तालीम दिली होती, आणि ऐन वेळी आकाश झाकले गेले होते.

देशाचे ते दिवस वाईट होते. मुंबई-पुण्यात प्लेग होता. पुण्यात जून १८९७ मध्ये रँडवर गोळी झाडली गेली होती, दामोदर चाफेकर तुरुंगात होते आणि टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगत होते. त्याच महिन्यांत सावलीच्या पट्ट्यात जगभरची मंडळी येऊन बसत होती, कारण जानेवारीतले दख्खनचे आकाश म्हणजे ज्योतिर्विदांना पर्वणी. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्पबेल होता. तिथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते, ज्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. वर्‍हाडात तळणीला ब्रिटिश हौशी निरीक्षक होते. आणि किनाऱ्यावर, जिथे सावली भारताच्या जमिनीला प्रथम शिवणार, तिथे विजयदुर्ग.

खाडीत 'मेल्पोमीनी' ही युद्धनौका नांगरली होती, कप्तान चिझम-बॅटन. लॉकियरबरोबर त्याचा मुलगा, कलकत्त्याचे रसायनाचे प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर आणि अल्फ्रेड फाउलर नावाचा त्याचा साहाय्यक होता. फाउलरचा जन्म १८६८ चा, हेलियमच्या रेषेच्या वयाचाच. शिलाहारांनी बांधलेला, शिवाजी महाराजांनी जिंकून नवे नाव दिलेला, आंग्र्यांनी राखलेला आणि १७५६ मध्ये वॉटसन-क्लाइव्हच्या आरमारी तोफांपुढे पडलेला हा किल्ला. आता दुसऱ्या एका इंग्रज युद्धनौकेचे खलाशी इथे तोफांऐवजी कॅमेऱ्यांची तालीम करत होते. कुणी काचेच्या पट्ट्या सरकवायच्या, कुणी सेकंद मोजून ओरडायचे, कुणी किरीटाचे चित्र काढायचे. यंत्र थरथरू नये म्हणून चिरेबंदी बैठक लागते. साहेबाचे ओटे या तळाशी जुळतात. १८६८ मध्ये तसा तळ इथे पडल्याचे सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही.

लॉकियरचे मुख्य शस्त्र होते प्रिझ्मॅटिक कॅमेरा, आणि त्याची युक्ती साधी आहे. नेहमीच्या वर्णपटदर्शकात प्रकाश आधी एका बारीक फटीतून घेतात, म्हणून प्रत्येक रंगाला त्या फटीची प्रतिमा, म्हणजे सरळ रेषा, मिळते. लॉकियरने फट काढूनच टाकली आणि भिंगापुढे लोलक बसवला. ग्रहणात सूर्याचे उरलेले तेज स्वतःच एक बारीक कडे असते. मग प्रत्येक तरंगलांबीचे आपले वेगळे कडे उमटते. वर्णावरणाच्या रेषांचे तुटक, तीक्ष्ण चाप आणि किरीटाच्या रेषेचे रुंद, धूसर, पूर्ण वर्तुळ. कोणता प्रकाश कोणत्या थरातला, हे आकारावरूनच कळते.

भर दुपारी सावली समुद्रावरून आली. आकाश स्वच्छ होते. सुमारे दोन मिनिटे. पट्ट्या सरकल्या, सेकंद मोजले गेले, सूर्य पुन्हा उजळला.

पट्ट्या धुऊन, मोजून जेव्हा फाउलर आणि लॉकियर बसले, तेव्हा हिरवे वर्तुळ ५३१७ च्या चापाच्या जागी नव्हतेच. ते चौदा अँगस्ट्रॉम निळ्याकडे होते. मोजणी निघाली ५३०३.७. जेऊरच्या कॅम्पबेलचा स्वतंत्र आकडाही ५३०३ च्या घरातच आला. आजचा स्वीकृत आकडा ५३०२.९ आहे. १४७४ ची रेषा १४७४ वर कधी नव्हतीच. लोखंडाची ती जुनी रेषा आणि किरीटाची रेषा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि एकोणतीस वर्षे एका कागदी मिलिमीटरने त्या एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या. विजयदुर्गाचा खरा मान हा आहे.

पुढची कथा किल्ल्यापासून दूर जाते, पण धागा तोच राहतो.

तरंगलांबी हाती आली की एककांवरूनच वाटा फुटतात. प्रकाशाचा वेग लांबी भागिले काळ. त्याला तरंगलांबीने भागा, लांबी लांबीला खाते आणि काळाचा व्यस्त उरतो, म्हणजे वारंवारता. सूर्यावरच्या वादळात हायड्रोजनची एफ रेषा आपल्या जागेपासून एक अँगस्ट्रॉम सरकली असे समजा. एक भागिले ४८६१: अँगस्ट्रॉमला अँगस्ट्रॉमने भागल्यावर मिती नसलेली संख्या उरते. तिला प्रकाशाच्या वेगाने गुणा. वायू सेकंदाला सुमारे ६२ किलोमीटर वेगाने धावतो आहे. किर्खोफच्या घरांवरून हा वेग थेट काढता येत नाही.

१९०० साली माक्स प्लांकने ऊर्जा आणि वारंवारता यांना जोडणारा स्थिरांक मांडला. त्याचे एकक आज आपण जूल-सेकंद लिहितो. ते सोडवून पाहा. जूल म्हणजे न्यूटन गुणिले मीटर. न्यूटन म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. त्याला सेकंदाने गुणले की उरते किलोग्रॅम गुणिले मीटर वर्ग भागिले सेकंद. म्हणजेच वस्तुमान गुणिले वेग गुणिले अंतर. ही तर फिरत्या भोवऱ्याची, जात्याच्या पाळीची राशी: कोनीय संवेग. १९१२ मध्ये जॉन निकल्सन हा इंग्रज गणिती याच किरीटाच्या रेषांचा उलगडा करू पाहत होता. त्याने मांडले की अणूत इलेक्ट्रॉनांचा कोनीय संवेग प्लांकच्या स्थिरांकाच्या टप्प्यांनीच बदलत असावा. त्याचे कोरोनियमचे चित्र चुकीचे ठरले, पण ही कल्पना नील्स बोरने वाचली आणि १९१३ मध्ये हायड्रोजनच्या अणूला लावली.

इथे एक सावधगिरी हवी. मिती सारखी म्हणून राशी एकच असे होत नाही. पाना फिरवताना लागणारे घूर्णनबल आणि ऊर्जा, दोन्हींची एकके न्यूटन गुणिले मीटरच, पण गोष्टी भिन्न. खंडीत नाव एक आणि मिती अनेक. इथे मिती एक आणि राशी अनेक. मिती वाट दाखवते, पण त्या वाटेने खरेच तिथे पोचतो का ते प्रयोगानेच पाहावे लागते. आणि बोरची ती परीक्षा घेतली विजयदुर्गाच्या फाउलरने. हायड्रोजन-हेलियमच्या नळीत त्याने १९१२ मध्ये काही रेषा पाहिल्या होत्या आणि त्या हायड्रोजनच्या मानल्या होत्या. बोर म्हणाला, त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. फाउलरने हरकत घेतली: तसे असेल तर या रेषांच्या आणि हायड्रोजनच्या रेषांच्या स्थिरांकांचे गुणोत्तर नेमके ४ यायला हवे, आणि माझ्या मोजणीत ते ४.००१६ येते. बोरने अणुकेंद्रही किंचित हलते हे हिशेबात धरले आणि उत्तर दिले: ४.००१६३. फाउलरने मान्य केले. याच फाउलरच्या लंडनच्या प्रयोगशाळेत १९२० च्या सुमारास मेघनाद साहा येऊन बसले आणि तापमान वाढले की अणू इलेक्ट्रॉन कसे गमावतात या आपल्या सिद्धांताला त्यांनी ताऱ्यांच्या वर्णपटांचा आधार दिला.

कोरोनियमचे शेवटचे उत्तर जर्मनीच्या वाल्टर ग्रोट्रियानने १९३९ मध्ये सुचवले आणि बेंग्ट एड्लेनने १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पक्के केले. एड्लेन उप्सालाचा, अँगस्ट्रॉमच्या विद्यापीठाचा. ५३०३ ची रेषा लोखंडाची आहे. मात्र त्या लोखंडाने आपले तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले आहेत, आणि त्यासाठी दहा-वीस लाख अंश तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आत असताना त्याच्या वरचे किरीट इतके तापलेले असते, हे त्या रेषेने सांगितले. ते का, यावर आजही काम चालू आहे. १८६९ मध्ये यंगने लोखंडाचे नाव घेतले होते ते चुकीच्या रेषेवरून. पदार्थ बरोबर निघाला, पण रस्ता आधी सोडावा लागला, आणि तो सुटला विजयदुर्ग-जेऊरला.

रत्नागिरी जिल्ह्यातून १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हा विजयदुर्ग आपल्याकडे आला. हा वारसा आता आपल्या जिल्ह्याचा आहे. माझी विनंती किल्ला सांभाळणाऱ्यांना, देवगड-मालवणच्या शाळांना आणि ओट्यांवर उभे राहून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला आहे. १८ ऑगस्ट जरूर साजरा करा. तो जमखंडी, विजापूर, गुंटूरचा दिवस आहे आणि हेलियमची सुरुवात त्या दिवशी झाली. पण २२ जानेवारीही पाळा. ओट्यांजवळ लॉकियरच्या नावापुढे १८९८ हे साल लिहा, फाउलरचे नाव लिहा, जेऊरच्या नायगमवालांचे लिहा. आणि ५३०३ हा आकडा लिहाल तेव्हा त्याच्यापुढे 'अँगस्ट्रॉम' लिहायला विसरू नका.